साधेपणाचा हिशेब

एखाद्या वस्तूतून अनावश्यक ते वगळले की मागे उरते ते साधे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु वगळण्याने केवळ एक रिकामी जागा निर्माण होते, आणि त्या जागेचा चोख हिशेब लागल्यावाचून साधेपणा पदरात पडत नाही, हे ज्याला प्रत्यक्ष हातांनी अनुभवायचे असेल त्याने गिअरची एखादी जुनी पोलादी सायकल घ्यावी आणि ती एकाच गतीची करून पाहावी.

माझ्याकडे अशी एक सायकल आहे. बारीक नळ्यांचा सांगाडा, खाली वळलेले हँडल, पुढे दोन चेनव्हील आणि मागे पाच पदरी फ्रीव्हील, असा तिचा मूळचा डामडौल. सांगाडा अजून खणखणीत आहे. मात्र गिअरच्या तारा गंजून आवरणातच अडकल्या होत्या आणि दांड्यांचा अंमल चेनवर नावापुरताही उरला नव्हता. ज्या पुण्यात एके काळी कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सारे जण एकाच गतीच्या सायकलीवरून कचेरी आणि कॉलेज गाठत, त्या पुण्यात गिअर उतरवणे हे जुन्या वहिवाटीत पुन्हा दाखल होण्यासारखेच आहे.

चेन एका चक्रावरून उचलून दुसऱ्यावर नेणे, हे डिरेलरचे लोकांना दिसणारे काम. त्याचे दुसरे काम याहून मोठे आणि अबोल आहे. लहान-मोठ्या चक्रांना चेन सारखीच पुरत नाही. कधी ती उरते, कधी ओढली जाते, आणि स्प्रिंगच्या बळावर मागेपुढे होणारा डिरेलरचा हात ही सारी कमीजास्त सांभाळून घेतो. चेन एखाद्या कडीने लांब राहिली, पुढचे-मागचे चक्र एका रेषेत नसले, तरी तो ते पोटात घालतो. मोठ्या कुटुंबातील एखादी पोक्त आत्या सगळ्यांचे उणेदुणे स्वतःकडे घेऊन घराचा गाडा चालू ठेवते, तसेच त्याचे वर्तन. त्याला सेवेतून मुक्त केले की आजवर झाकून राहिलेली प्रत्येक बाब रुजू होते, आणि तिचा निकाल लावल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पहिला निकाल मागच्या चाकाचा. फ्रीव्हीलचे आटे असे कातलेले असतात की पॅडल मारण्याच्या जोरानेच ते आवळत जाते. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या प्रवासाचे बळ त्या आट्यांत साठून राहिलेले असते. आमच्या मेकॅनिक काकांनी फ्रीव्हील काढण्याची चावी टेबलाच्या व्हाइसमध्ये घट्ट धरली, तिच्यावर चाक आडवे बसवले, आणि रिम दोन्ही हातांनी पकडून सारे अंग डावीकडे झोकले. क्षणभर काहीच हलले नाही. मग एक कोरडा, तुटक आवाज झाला आणि फ्रीव्हील सैल पडले. मी चेनची चौकशी करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, चेन मागाहून. आधी चाक मधोमध येऊ द्या.”

त्यांच्या बोलण्यात शास्त्र होते. पाच चक्रांना जागा मिळावी म्हणून गिअरच्या चाकात हब डावीकडे सरलेला असतो. उजवे आरे उभे आणि ताठ, डावे कलते आणि त्या मानाने ढिले. पाचांच्या जागी एकच चक्र आले की अ‍ॅक्सलवरचे वॉशर उजवीकडून डावीकडे न्यायचे, आणि मग उजवे आरे थोडे सोडत, डावे थोडे आवळत रिम पुन्हा मध्यावर आणायची. या फेरवाटणीने दोन्ही बाजूंचा ताण जवळजवळ समान होतो, आणि पूर्वी जे चाक एका बाजूच्या जिवावर उभे होते ते अधिक मजबूत होते.

दुसरा निकाल रेषेचा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे अंतर सांगाड्याच्या मध्यरेषेपासून सारखे हवे. एका गतीच्या सायकलीत ते 42 मिलिमीटरच्या आसपास ठेवण्याचा शिरस्ता आहे. दोन चेनव्हीलांपैकी आतली जागा बहुधा या मापाच्या जवळ येते, म्हणून बाहेरचे चेनव्हील उतरवून आतलेच ठेवणे सोयीचे. तिसरा निकाल ताणाचा. जुन्या सांगाड्याच्या मागच्या टोकांना आडव्या खाचा असतात, आणि चाक त्यांत मागे सरकवून चेन ताणता येते. ज्या नव्या सांगाड्यांत या खाचा उभ्या कापलेल्या असतात, तेथे ही सवलत नाही. परंतु चाक योग्य जागी आवळल्यानंतरही काम संपत नाही. क्रँक हळूहळू फिरवली की चेन एका जागी ताठ होते आणि दुसऱ्या जागी सैल, कारण चेनव्हील आपल्या केंद्राभोवती अगदी काटेकोर बसलेले नसते. काकांनी त्याचे बोल्ट किंचित ढिले केले, चेन जेथे ताठ होती तेथे तिच्यावर पान्याच्या मुठीने हलकेच ठोका दिला, क्रँक थोडी फिरवली, पुन्हा ठोका दिला, आणि हा क्रम चालवत चालवत चेनव्हील केसभर सरकवून मध्यावर आणले. वर-खाली अर्धा इंच हलेल इतकीच ढील, आणि ती चारही दिशांना सारखी, एवढे साधल्यावरच त्यांनी बोल्ट कायमचे आवळले.

यानंतर सर्वांत गहन प्रश्न येतो, तो दात्यांच्या संख्येचा. पुढे 42 आणि मागे 18 दाते असले, आणि चाक 27 इंचांचे असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5 मीटर जाते; मिनिटाला 80 फेरे मारणारा स्वार तासाला साधारण 24 किलोमीटर कापतो. मागे 16 दाते घेतले तर सपाटीवर वेग वाढतो, पण चढावर गुडघे तक्रार करतात. 20 घेतले तर चढ सुसह्य होतो आणि उतारावर पाय नुसते भिरभिरतात. गिअर असताना हा निर्णय दर फर्लांगाला नव्याने घेता येतो. येथे तो एकदाच घ्यायचा आणि तो घेताना आपला सारा मुलूख डोळ्यांपुढे आणायचा. नदीकाठावरून कोथरूडकडे चढत जाणारा, डोळ्यांना न जाणवणारा पण पिंढऱ्यांना नेमका कळणारा तो दीर्घ उंचावा, आणि पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे जाताना येणारा उघड चढ, या दोहोंनी मिळून माझे 18 दाते ठरवले. समुद्रसपाटीच्या गावातला माणूस हाच सांगाडा घेऊन निराळ्या संख्येवर स्थिरावला असता, आणि त्याचेही बरोबरच ठरले असते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे फिक्स व्हील. त्यात फ्रीव्हील नसतेच. चाक फिरते तोवर पॅडल फिरतात आणि पॅडल फिरतात तोवर पाय. जपानमध्ये 1948 पासून चालत आलेल्या केइरिन शर्यती अशाच सायकलींवर होतात. पाय उलट रेटले की गती मंदावते, पण त्याच रेट्याने मागचे चक्र आट्यांवरून सुटू पाहते. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर त्याच्या बाहेर उलट्या आट्यांची एक लॉकरिंग बसवतात, आणि चक्र सुटण्यासाठी ज्या दिशेला वळते त्याच दिशेने ती रिंग अधिक आवळली जाते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर ही तजवीज नसते. तेथे फिक्स चक्र चढवणे म्हणजे भर रस्त्यात जीव धोक्यात घालणे होय, आणि हब योग्य असला तरी पुढचा ब्रेक रस्त्यावरच्या सायकलीला हवाच. स्वाराला मात्र येथे एक विलक्षण शिस्त लागते: दमलो म्हणून पाय थांबवण्याची मुभा नसल्याने खड्डा, वळण आणि सिग्नल त्याला दुरूनच हेरावे लागतात.

गिअर असावेत की नसावेत, हा वाद सायकलीइतकाच जुना आहे. फ्रान्समधील सेंट-एतिएन गावच्या पॉल द विव्ही यांनी, जे ‘वेलोसिओ’ या नावाने लिहीत, डोंगरातून हिंडणाऱ्या सामान्य सायकलस्वारासाठी अनेक गतींचा आयुष्यभर कैवार घेतला. उलट 1903 मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांचा त्यांना कडवा विरोध होता, आणि 1937 पर्यंत त्या शर्यतीतील प्रमुख संघांच्या स्वारांना डिरेलरची परवानगी नव्हती. तोवर ते घाटाच्या पायथ्याशी उतरत, दोन्ही बाजूंना निराळी चक्रे असलेले मागचे चाक उलटे करून बसवत आणि मग चढू लागत. मला या वादात वेलोसिओ यांची बाजू मनापासून न्याय्य वाटते. डोंगर चढणाऱ्याला गिअर नाकारणे हा हट्ट आहे.

म्हणूनच डिरेलर अडकवण्याचा सांगाड्यावरचा कान मी कापू दिलेला नाही, आणि उतरवलेले सामान तेल लावून जपून ठेवले आहे. एकच गती माझ्या आजच्या रस्त्यांना, आजच्या पायांना आणि या चाकाच्या आजच्या बांधणीला मोजून दिलेली आहे, आणि हे मोजमाप झाले म्हणूनच ती सुखाची वाटते. साधेपणाचा अधिकार असा मोजून मिळवावा लागतो. आणि उद्या रस्ता बदलला किंवा पाय थकले, तर तेच माप कमीपणा न मानता पुन्हा घेण्याची तयारी ज्याच्यापाशी असेल, त्याच्याच हाती तो टिकतो.