स्टेशनपासून केस पेपरपर्यंत

परळ स्टेशनवर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत काही माणसं लगेच ओळखू येतात. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल, खांद्यावर दोन-चार दिवसांच्या कपड्यांची बॅग. सोबतचं माणूस कधी आजारी माणसाचा दंड धरून असतं, तर कधी कोण आजारी आणि कोण सोबतीला हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. पुलावर चढण्याआधी ती कुणाला तरी थांबवतात. "दादा, टाटा कुठे?" कुणी केईएम विचारतं, कुणी वाडिया. परळचा माणूस चालता चालता हात दाखवतो आणि पुढे जातो. त्या हाताच्या दिशेने जेमतेम किलोमीटरभर अंतर आहे. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं. बाकीच्यांचं गणित कोणी मांडलेलं नाही.

एवढ्याशा परिसरात केईएम, टाटा मेमोरियल, लहान मुलांचं आणि बाळंतपणाचं अशी दोन वाडिया रुग्णालयं, कामगार विम्याचं महात्मा गांधी रुग्णालय आणि हाफकिन संस्था. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर काही वर्षांतच हाफकिन यांची लसीची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. 1926 साली केईएम उभं राहिलं. त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसा देताना अट घातली होती की इथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत. 1941 साली टाटा सुरू झालं. हे सगळं गिरणगावात आलं, कारण माणसं इथे होती. रात्रपाळी संपवून खोकत आलेला गिरणी कामगार चाळीतून निघायचा आणि चालत केईएमला पोचायचा. दवाखाना म्हणजे शेजार होता. वाट माहितीची, वाटेवरची माणसंही ओळखीची.

1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. रुग्णालयं होती तिथेच राहिली. बदलला तो त्यांचा रुग्ण. तो आता बीडहून एसटीने येतो, रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने येतो, बिहार, बंगाल, आसामातून दोन-दोन रात्री रेल्वेत काढून येतो. त्याला इथलं कोणी ओळखत नाही, पाट्या वाचता येतीलच असं नाही. शेजाऱ्यांसाठी वसवलेल्या या भागात आता देशभरचे परके येतात, आणि रस्ता मात्र अजून शेजाऱ्यांच्याच हिशेबाने चालतो.

त्या रस्त्याने एकदा आजारी माणसाच्या वेगाने चालून पाहावं. फुटपाथ आहे, पण सलग नाही. कुठे पेव्हर ब्लॉक खचलेत, कुठे झाडाच्या मुळांनी उचललेत, कुठे मध्येच विजेची पेटी. मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवतात. त्यांच्या फटीतून कुबडीवाला कसाबसा निघतो, व्हीलचेअर निघत नाही. मग व्हीलचेअर रस्त्यावर येते, टॅक्सी आणि बसच्या मधून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा असावी, आणि उतार करायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबीचा. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. पण केमो घेऊन बाहेर पडलेल्या बाईला एकेक पायरी म्हणजे थांबून श्वास घेण्याची जागा असते. तिला मळमळतं, ऊन सोसत नाही, आणि दर पाच मिनिटांनी बसावंसं वाटतं. या वाटेवर बाक हवेत, सावली हवी, स्वच्छ मुतारी हवी. आज ती बंद दुकानाच्या पायरीवर बसते, आणि दुकान उघडलं की उठते.

फेरीवाल्यांना हटवा, म्हणजे प्रश्न सुटेल, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वॉर्डाबाहेर रात्र काढलेल्या नातेवाइकाला पहाटे परवडणारा चहा आणि इडली फेरीवालाच देतो. त्याला जागा आखून द्यावी आणि चालणाऱ्याची वाट मोकळी ठेवावी. दोन्ही करता येण्यासारखं आहे.

या परिसराचा सर्वांत बोचरा भाग संध्याकाळी दिसतो. तपासणीची पुढची तारीख आठवड्यानंतरची असते. गावी जाऊन येणं परवडत नाही, लॉजही परवडत नाही. मग टाटासमोरच्या फुटपाथवर, हिंदमाताच्या उड्डाणपुलाखाली पथाऱ्या पडतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांनी असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे, पण येणाऱ्यांचा ओघ त्याहून मोठा आहे. 2021 साली करीरोडजवळची म्हाडाची 100 घरं टाटाच्या रुग्णांना द्यायचं ठरलं, तेव्हा स्थानिक रहिवाशांनी विरोध केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. पुढे बॉम्बे डाइंगच्या जागेतल्या घरांचा पर्याय निघाला. रुग्णांच्या शेजाराला नकार मिळावा, तोही गिरणगावात, याचं मला आजही वाईट वाटतं.

पावसाळ्यात तर सगळा हिशेबच मोडतो. हिंदमाता हा बशीसारखा खोलगट भाग, तिथे पाणी तुंबलं की दादरकडून येणारी वाट तुटते. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात केईएमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. त्याच दिवशी पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर तुंबलेल्या पाण्यामुळे गाडीतून उतरून घराकडे चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. बरोबर महिन्याने, 29 सप्टेंबरला, परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं मेली. चालणाऱ्यांसाठी पुरेशी जागा नव्हती, हे त्याचं मोठं कारण. जखमींना केईएममध्येच नेलं. मग लष्कराने पाच महिन्यांत नवा पूल उभारून दिला. मनावर घेतलं की काम होतं हे तिथे दिसलं. हिंदमाताला तुंबणारं पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, त्याही उपयोगाच्या आहेत. पण सप्टेंबर 2025 मध्ये शंभरी ओलांडलेला, वाहनांचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवीकडून केईएमला येणाऱ्या वाहनांना दादरच्या टिळक पुलाचा किंवा करीरोडचा वळसा पडला. रुग्णवाहिकेलाही तोच.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावलं आहे. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती जबाबदारीची. रुग्णालयाची हद्द फाटकापाशी संपते, रेल्वेची पुलाच्या शेवटच्या पायरीपाशी, आणि मधला रस्ता पालिकेच्या निरनिराळ्या खात्यांत वाटलेला. नवीन इमारत, नवीन मशीन, वाढवलेल्या खाटा यांचं उद्घाटन होतं. स्टेशन ते ओपीडी हा रस्ता मात्र उपचाराचा भाग म्हणून कोणाच्याच कागदावर नाही.

महापालिकेने परळ स्टेशनपासून केईएम, टाटा आणि वाडियापर्यंतचा रस्ता एकाच अधिकाऱ्याच्या नावावर करावा. सलग, सपाट फुटपाथ, ठरावीक अंतरावर बाक, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांत पाट्या, रात्री पुरेसा उजेड, आणि स्टेशनबाहेरून सुटणारी छोटी बस, एवढं त्याने आधी करावं. आणि परळ-लालबागमध्ये राहणाऱ्या, कामाला येणाऱ्या सर्वांना विनंती: फुटपाथच्या उतारावर गाडी लावू नका, आणि कुणी पाकीट काखेत धरून "टाटा कुठे?" विचारलं तर जमेल तेव्हा चार पावलं सोबत चाला.