मिसळणाचा डबा आणि संगणक

तारनाक्यावरून ईसीआयएलकडे जाणाऱ्या बसगाड्या आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. १९६७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने ‘टीडीसी’ मालिकेतील संगणक तयार केले, हे या भागातील जुन्या मंडळींस ठाऊक असेलच. गंमत अशी की, संगणकाच्या पोटातही ‘बस’च असते! प्रक्रियक, स्मृती व इतर भाग यांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्यास तेच नाव आहे.

अडचण आहे ती वेगाची. आजचा प्रक्रियक सेकंदास सुमारे तीन अब्ज ठोके देतो. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशही जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. त्यातून मुख्य स्मृतीची जात संथ. तिच्याकडून माहिती येईपर्यंत शेकडो ठोके वाया जावयाचे. यावरील तोड मॉरिस विल्क्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली एका लेखात मांडली: प्रक्रियकाच्या निकट एक लहान, चपळ स्मृती ठेवावी. तिला पुढे ‘कॅश’ हे नाव पडले. पैशाअडक्याशी तिचा संबंध नाही; मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपविणे असा आहे.

स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांस हे नव्याने शिकवावयास नको. तेल तापल्यावर मोहरीसाठी कोणी सिकंदराबादच्या मोंढा मार्केटात धावत नाही. मिसळणाचा डबा हाताशी, बरणी फडताळात, साठा कोठीत. शिवाय बरणीतून आपण एक दाणा काढीत नाही, वाटी भरून घेतो. यंत्रही एका बाइटसाठी गेले तरी बहुधा शेजारचे धरून चौसष्ट बाइट घेऊन येते.

मात्र डबा लहान. नवे आले की, ज्याला फार वेळ हात लागलेला नाही ते बहुतेक बाहेर जाते. ते नष्ट होत नाही. मुख्य स्मृतीत असते, यावयास विलंब लागतो इतकेच.

हे वाचताना आम्ही थबकलो. आमच्या नातवाच्या जिभेवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी सदैव हजर. परवा त्यास फडताळातून गूळ आणावयास सांगितले, तर तो गोंधळून उभाच राहिला. क्षणभराने म्हणाला, “हां, आजीचं कपाट!” पुढे दोन दिवस ‘फडताळ’ हा शब्द घरभर दुमदुमत होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘शेल्फ’ आले.