पुंजणी आणि रेग्युलेटर

जुन्या जैन घरांत चूल पेटविण्यापूर्वी ती पुंजणीने हलकेच झाडून घेण्याची रीत होती. लाकडाच्या भेगेत एखादी मुंगी दडलेली असेल तर तिला झळ लागू नये, हा त्यामागचा हेतू. आपला धर्म अग्नीलाही जीवकाय मानतो. त्यामुळे तो किती पेटवावा आणि केव्हा विझवावा, याचाही विवेक गृहिणी करीत असे. या सावधपणालाच आपण जयणा म्हणतो. घरोघरी गॅस आला, लाकडे गेली आणि पुंजणी कोनाड्यात पडली. जयणेची गरज मात्र त्यामुळे कमी झाली नाही, उलट वाढली.

माझी नोकरी बँकेत झाली. मुदत टळली की भक्कम दस्तऐवजही कुचकामी ठरतो, हे व्यापारी कुटुंबांना मी सांगायला नको. देण्याघेण्याच्या तारखा ज्यांना तोंडपाठ असतात, त्यांना ओट्याखालच्या सिलिंडरची तारीख विचारली तर उत्तर क्वचितच मिळते. ती सिलिंडरच्या मानेजवळच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूस रंगविलेली असते. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाह्यांची अक्षरे. ‘बी-२८’ म्हणजे जून २०२८ अखेर त्या सिलिंडरची फेरतपासणी व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करावा. नारिंगी नळीवरही वर्ष छापलेले असते आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते. वरून धडधाकट दिसते म्हणून ती तशीच वापरली जाते. वास्तविक तिची किंमत सणाच्या मिठाईच्या एका डब्याहून जास्त नसते!

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. पाइपने येणारा गॅस हवेहून हलका, तो छताकडे जातो. त्यासाठी वरचा झरोका बुजवू नये.

गॅसला मुळात वास नसतो. आपल्याला सावध करण्यासाठी तो मिसळलेला असतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असा आपला समज होतो. हा समज किती घातक ठरू शकतो, ते मी नात्यातील एका घरी पाहिले. थंडीचे दिवस होते. सामायिकापूर्वी स्नान उरकावे म्हणून आजी पहाटेच न्हाणीघरात गेल्या. गॅसचा गिझर आतच बसविलेला, आणि वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. बऱ्याच वेळाने हाकेला ओ येईना, तेव्हा मुलाने कडी तोडली. आजी बेशुद्ध पडलेल्या होत्या. रुग्णालयात प्राणवायू दिल्यावर त्या वाचल्या. गळती कोठेच नव्हती. कोंदट जागेत ज्वाळेला हवा अपुरी पडली आणि कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. या वायूला ना रंग, ना गंध. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेतच बसवावा. ते होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि आतील हवा बदलली की मगच दार लावावे. पाणी मोजून वापरण्याचा संस्कार असलेल्या घराला एक बादली कमी पडू नये.

शेगडीची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली आणि भांड्यांना काजळी धरू लागली, तर बर्नरची छिद्रे बुजली असे समजावे. पुंजणी येथे कामी येईलच असे नाही, पण साफसफाई हवी.

दुकानदारांसाठी एक गोष्ट. घरचा सिलिंडर दुकानात चहा-फराळासाठी नेण्यास कायद्याने मनाई आहे. नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरविलेला असतो. त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. पण दुकानात अपघात झाल्यास त्या विम्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

आपल्यापैकी जे चौविहार पाळतात, त्यांचे स्वयंपाकघर सूर्यास्तालाच मिटते. रेग्युलेटर बंद करण्यास याहून सोयीची वेळ कोणती? आमच्या घरी पच्चक्खाण घेण्यापूर्वी हे काम नातवाकडे असते. कधी धाकट्यासाठी रात्री दूध तापवावे लागते. तेव्हा तो पुन्हा उठतो, कुरकुरतो, आणि बंद करून येतो.