मडक्यातला पाऊस

बजरीगरची जोडी आणायची, पिंजऱ्यात मडकं टांगायचं, की अंडी होतात. एवढ्याच माहितीवर मी सुरुवात केली. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून बाजारात सगळे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते हे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट. नर-मादी ओळखायची खूण मला सोपी वाटली होती. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जी कातडी असते ती निळी असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी. माझ्या जोडीतल्या हिरवीचं जुळलं. पिवळ्याची कातडी मात्र जांभळट गुलाबी. मी पक्षीवाल्या चाचांना फोन करून विचारलं, ही दुसरीही मादीच आहे का? "डोळे बघा ना ताई, लाल आहेत. लाल डोळ्यांच्या पिवळ्या नराचं नाक निळं होतच नाही." इतके दिवस मी त्याला रोज न्याहाळत होते, पण त्याचे डोळे लाल आहेत हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मडकं बाजारात तयार मिळतं. आडवं, पोटाला एक गोल भोक. आत मऊ काहीतरी हवं म्हणून मी नारळाचा काथ्या घातला. हिरवीने डोकं आत घातलं आणि काथ्या चोचीने ओढून ओढून खाली टाकला. सकाळी पुन्हा भरला, दुपारपर्यंत पुन्हा खाली. मग वाचायला बसले तेव्हा कळलं की हे पक्षी घरटं विणतच नाहीत. मूळ गावी ते निलगिरीच्या झाडाच्या ढोलीत, नुसत्या कुजक्या भुश्यावर अंडी घालतात. त्यांना हवा असतो अंधार आणि अंडी घरंगळू नयेत असा खोलगट तळ. मडक्याचा तळ तसाच असतो. फक्त तो गुळगुळीत असला तर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात, म्हणून मूठभर लाकडाचा भुसा घातला. त्यातलाही निम्मा तिने बाहेर काढला, निम्मा ठेवला.

तरी अंडी नाहीत. इथे मला या पक्ष्याची खरी गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर मी सगळंच वेगळ्या नजरेने पाहू लागले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात पाऊस कधी येईल याचा नेम नाही. पाऊस पडला, गवत उगवलं, दाण्यात दूध भरलं, की थवेच्या थवे जोड्या करून ढोलीत शिरतात. गवत वाळलं की पुढे उडून जातात. म्हणजे माझ्या बाल्कनीत तिला कुठूनतरी कळायला हवं होतं की पाऊस झाला आहे. कोरड्या राळ्याने ते कळणार नव्हतं. मी राळे आणि बाजरी भिजवून मोड आणले, कोथिंबीर टांगली, उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं. "अगं, पाखराला अंडं?" सासूबाई म्हणाल्या. मलाही ते विचित्रच वाटत होतं, पण अंडं तयार करायला प्रथिनं लागतात. कवचाला लागतो चुना. तो समुद्रफेसातून मिळतो, आणि समुद्रफेस मिळाला काष्ठौषधींच्या दुकानात. चुना कमी पडला तर अंडं आत अडकून मादी दगावू शकते, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

चाचांनी आणखी एक सांगितलं होतं, "एकच जोडी नका ठेवू, दोन तरी ठेवा." मला तो विक्रीचा मामला वाटला होता. मग बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेच्या १९६० च्या दशकातल्या कामाबद्दल वाचलं. नराची कुजबुजती किलबिल नुसती कानावर पडत राहिली तरी मादीच्या अंडाशयाची वाढ होते, असं त्यांनी दाखवलं होतं. आपण ज्याला गाणं म्हणतो ते तिच्या शरीरात जाऊन काम करतं! दुसरी जोडी आली, माद्या भांडू नयेत म्हणून जोड्यांपेक्षा एक मडकं जास्त टांगलं, आणि बाल्कनी दिवसभर बोलू लागली. पिवळा मान वरखाली करत हिरवीसमोर पुटपुटायचा, गळ्यातला दाणा वर आणून तिला भरवायचा. तिच्या नाकाची कातडी गडद, खरखरीत तपकिरी झाली.

मग तिची विष्ठा एकदम मोठी आणि घाण वासाची झाली. मी घाबरून डॉक्टरांना फोटो पाठवला. अंडी घालायच्या दिवसांत मादी मडक्याबाहेर फारशी येत नाही, सगळं धरून ठेवते आणि एकदम सोडते, म्हणून असं होतं, असं त्यांनी कळवलं. दुसऱ्या सकाळी पहिलं अंडं दिसलं, मग एक दिवसाआड एकेक. अंड्याला १८ दिवस लागतात हे मला पाठ होतं, पण ते प्रत्येक अंड्याचे स्वतंत्र मोजायचे हे ध्यानात आलं नव्हतं. टॉर्चच्या उजेडात धरल्यावर काहींत लाल शिरांचं जाळं दिसलं, एक नुसतंच पिवळसर राहिलं. तेही तसंच आत ठेवलं. नवख्या पिल्लांना त्याचा टेकू होतो. पिल्लंही एक दिवसाआड निघाली, उघडीवाघडी, डोळे मिटलेली. थोरलं धाकट्याच्या कितीतरी पुढे असूनही हिरवी धाकट्याला उपाशी ठेवत नव्हती.

सुमारे पाच आठवड्यांनी पिल्लं भोकातून बाहेर येतात आणि बाप त्यांना भरवतो. तोवर हिरवी पुन्हा अंड्यावर होती. चाचा म्हणाले, "मडकं राहू द्या ताई, अजून दोन-तीनदा होतील." होतीलही. पण रानात गवत वाळतं म्हणून ती थांबते. इथे अंडं आणि मोड मीच रोज देत होते, मग ती थांबणार कशी? दुसरी वीण उडती झाली तशी मी मडकी उतरवली, घासून उन्हात घातली. उकडलेलं अंडं बंद, पुन्हा कोरडे राळे, आणि दिवे मावळतीलाच बंद. नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. हिरवी काही दिवस चिडून जाळी कुरतडत होती, तिला कोवळी शेवग्याची डहाळी दिली. आता पिल्लांना पंख पसरून उडता येईल असा आडवा, लांब पिंजरा करून घ्यायचा आहे. फॅब्रिकेटरला बाल्कनीचं माप दिलं आहे.