कळंबाची डहाळी

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण ऐकतो कोण? मूळ शोधीत माणसे कुठच्या कुठे जातात! लोकमान्य टिळक तर थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचले. १८९७-९८ च्या तुरुंगवासात मॅक्समुल्लर या जर्मन पंडिताने त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली. रात्री थोडे वाचायची मुभा मिळाली. पुढे १९०३ साली, आर्यांचे मूळ घर ध्रुवप्रदेशात होते असे सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. आज पंडित तो सिद्धांत मानीत नाहीत. पण त्या काळी कित्येक घाऱ्या डोळ्यांच्या मंडळींची मान त्याने ताठ केली असेल! खुद्द मॅक्समुल्लरने मात्र १८८८ सालीच बजावले होते, की 'आर्य' हा शब्द भाषेपुरता आहे, रक्ताला लावू नका. त्याच्याच मायदेशाने ते ऐकले नाही. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत रक्ताच्या अभिमानापायी तिथे रक्ताचेच पाट वाहिले.

त्या उत्तरेकडच्या लोकांची जुनी पुराणे वाचायची मला फार हौस. कारण अगदी गावातलेच. आमच्या चिंचवडात स्वीडनच्या एस. के. एफ. कंपनीचा बेअरिंगचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. शाळेत असताना त्याची पाटी दिसली, की एवढ्या लांबून आलेल्या या माणसांचे देव कोण असतील, असे कुतूहल वाटे.

देव निघाले ओळखीचेच! मेघगर्जनेचा देव थोर हा आपल्या इंद्राचा मावसभाऊ शोभावा. हाती वज्राऐवजी हातोडा, आणि रथाला दोन बोकड. इंग्रजीतला गुरुवार त्याच्याच नावाचा. दुसरा एक देव रीग हे नाव घेऊन तीन घरी पाहुणा जातो. त्या घरांतून दास, शेतकरी आणि सरदार असे तीन वंश निघतात. मला पुरुषसूक्त आठवले. उच्चनीच सगळे आले, पण मूळ एकच! आणि पहिले स्त्रीपुरुष? समुद्रकाठी पडलेल्या दोन ओंडक्यांत ओडिन आणि त्याच्या सोबत्यांनी प्राण घातला, त्यांतून ती झाली. म्हणजे त्या गोऱ्यापान लोकांचे पूर्वज झाडेच की!

हे वाचले तेव्हा हसू आले होते. यंदा आमच्या थोरलीच्या सोयरिकीची बोलणी बसली, तेव्हा मात्र ते हसू आठवून मी गंभीर झालो. मुलाच्या चुलत्यांनी शांतपणे विचारले, "घराण्याची काही माहिती?" आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात बीडकडून एक पत्र्याची पेटी घेऊन इकडे आले. जमीन गेली होती, वाडा कधी नव्हताच. पणजोबांच्या पलीकडचे नाव घरात कोणाला ठाऊक नाही. मुलगी दाराआड उभी होती. चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या तिच्या बापाला त्या वेळी एक वाक्य सुचेना.

तेवढ्यात आतून आमच्या आईचा आवाज आला, "आमचं देवक कळंब. तुमचं काय, दादा?"

चुलते सावरून बसले. "पंचपल्लव, आई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. पुढची बोलणी देवक, मानपान आणि तारीख अशी सरळ चालली. तुळशीचे लग्न झाले की आमच्या दारी मांडव पडेल.

दुष्काळात जमीन, जोंधळा आणि जनावरे सारे मागे राहिले. एका बाईने मनात जपून आणले ते एका झाडाचे नाव. ते ना कागदावर होते, ना ताम्रपटावर. वंशावळीत वरची नावे विसरली, की मधली जागा माणूस अभिमानाने भरून काढतो, आणि मग तंटे होतात. आईने ती जागा झाडाला दिली. कळंब वाटेल तिथे उगवतो. आमच्या एम. आय. डी. सी.च्या धुळीतही त्याचे पिवळे चेंडू फुलतात, आणि सावलीला बसणाऱ्याला तो कूळ विचारीत नाही.