लाल बावटा

आम्ही ग्रँड रॅपिड्सला राहतो. उन्हाळ्यात भारतातून घरचं कुणी आलं की ग्रँड हेवनची फेरी ठरलेलीच. तासाभरात मिशिगन सरोवर: मऊ वाळू, लाल दीपगृह, आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. गेल्या ऑगस्टमध्ये माझे सासरे, अप्पा, बरोबर होते. मालवणचे, समुद्रावर वाढलेले. ऊन लख्ख होतं, पण खांबावर लाल बावटा. अप्पांनी ओलं बोट जिभेला लावलं.

"ह्यां पाणी खारां नाय. भरती नाय, ओहोटी नाय. मगे बावटो कित्याक?"

आदल्या संध्याकाळी वादळ होऊन गेलं होतं आणि वारा वायव्येचा झाला होता. हे सरोवर जवळजवळ 500 किलोमीटर लांब आहे. एवढ्या पाण्यावरून वारा धावत आला की लाटा चढणारच. समुद्रात दोन मोठ्या लाटांमध्ये सावरायला वेळ मिळतो, इथे चार-पाच सेकंदांत पुढची लाट तोंडावर. गोड्या पाण्यात माणूस तरंगतोही कमी. अप्पा वाळूवर उभे राहून लाटा मोजत होते. मग म्हणाले, "हय दम खावक फुरसत नाय."

बरोबर आलेल्या माझ्या पुतण्याला मात्र धक्क्याजवळ पोहायचं होतं. भिंत आहे, म्हणजे आधार आहे, असं त्याला वाटत होतं. मी त्याला वरून पाण्यात पाहायला लावलं. लाकडाचा एक तुकडा लाटांच्या उलट, भिंतीच्या कडेकडेने दीपगृहाच्या दिशेने सरकत चालला होता. धक्क्याला अडलेलं पाणी असंच भिंतीलगत आत ओढून नेतं. पुतण्याने टॉवेल परत खांद्यावर टाकला.

आभाळावर तर मी मुळीच विसंबत नाही. 4 जुलै 2003 ला इथून दक्षिणेला, बेरियन काउंटीच्या किनाऱ्यांवर सात जण ओढीच्या प्रवाहांत बुडाले. तेव्हा वादळ सरून हवा शांत झाली होती. आणि उत्तरेचा वारा टिकला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, खालचं गार पाणी काठाशी येतं; भर ऑगस्टमध्येही हातपाय आखडतात.

मिशिगनच्या स्टेट पार्कांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. दोन लाल बावटे असतील तर पाण्यात उतरायला बंदीच असते.

म्हणून निघण्यापूर्वी नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनाऱ्याचा अंदाज आणि वाऱ्याची दिशा पाहा. धक्क्यापासून लांब पोहा. ओढीत सापडलात तर आधी उताणे होऊन तरंगा, श्वास सावरू द्या, मग काठाला समांतर, धक्क्यापासून दूर जात बाहेर या. आणि हे सगळं पाहुण्यांना गाडीतच सांगा. पाणी दिसल्यावर मुलं ऐकत नाहीत.