किनाऱ्यावर राहिलेला नाखवा

मराठी साहित्यात समुद्र पुष्कळ आहे. परंतु तो बहुतांशी किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. विरहाचे, अथांगतेचे, मृत्यूचे प्रतीक म्हणून तो येतो. वाऱ्याचा रोख, शिडाचा ताण, पिण्याच्या पाण्याचा हिशेब या रूपांत क्वचितच. सिंधुबंदीची रूढी मोडून काळ लोटला, तरी आपल्या कल्पनाशक्तीवरची सिंधुबंदी पुरती उठलेली नाही, असे आम्हांस वाटते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या चरित्राकडे आम्ही वळतो ते याच कारणाने.

१९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेवरून त्यांनी जी कामगिरी केली, तिच्यासाठी त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे पश्चिम नौदल कमांडचे प्रमुखपद भूषवून ते १९८३ साली निवृत्त झाले आणि राहावयास गेले ते फलटणजवळच्या विंचुर्णीला, समुद्रापासून दूर, अवर्षणाच्या मुलखात. वन्यजीवन आणि निसर्ग हा त्यांच्या आस्थेचा विषय. त्या कोरड्या माळावर त्यांनी जपलेले स्वप्न मात्र खाऱ्या पाण्याचे होते: भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ साली एकट्याने, कोठेही न थांबता, अशी पहिली प्रदक्षिणा पूर्ण केली होती.

२००६ साली नौदलातील पाणबुड्या अधिकारी दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी होडी बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरांत थांबून, केप हॉर्नला वळसा घालून, १९ मे २०१० रोजी परतले. त्याच होडीतून २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून जग फिरून आल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०१८मध्ये, आवटी निवर्तले. तरीही परंपरा थांबली नाही. टॉमी यांच्या हाताखाली तयार झालेल्या दिलना के. आणि रूपा ए. यांनी दोघींनीच २०२४-२५मध्ये ‘तारिणी’ पुन्हा पृथ्वीभोवती नेली.

या साखळीतील एकही प्रदक्षिणा आवटींची स्वतःची नाही, आणि नेतृत्वाचा विचार आम्हांस येथूनच सुरू करावासा वाटतो. न्यूझीलंडच्या पीटर ब्लेक यांचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. त्यांनी डेकवर उभे राहून नेतृत्व केले. १९८९-९०च्या व्हिटब्रेड शर्यतीचे सहाही टप्पे जिंकले, १९९५ साली अमेरिका चषक मायदेशी नेला. मग स्पर्धा सोडून ते सागररक्षणाकडे वळले आणि डिसेंबर २००१मध्ये अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी चाच्यांच्या गोळीला बळी पडले. त्यांची ‘सीमास्टर’ पुढे ‘तारा’ या नावाने समुद्रसंशोधनाची नौका झाली. ब्लेक यांनी समुद्राचे दुखणे जगापुढे मांडले. आवटींनी समुद्र ओळखणारी माणसे घडवली. दोहोंचे मोल वेगळे, पण एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. शिडाच्या होडीत पाणी, अन्न, वीज हे सारे मोजूनच वापरावे लागते. काही उणे पडले तर बाहेरून आणणार कोठून? पर्यावरणाचा याहून रोकडा पाठ आम्हांस ठाऊक नाही.

‘म्हादेई’ हे नाव नदीचे. जिच्या नावाची होडी जग फिरून आली, त्या नदीच्या पाण्याची वाटणी २०१८ साली लवादाने तीन राज्यांत केली; वाद अद्याप शमलेला नाही.

नवी मुंबईत राहून हे लिहिताना आमच्या मनात आमचे विद्यार्थी असतात. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेले हे शहर खाडीला खेटून, पुष्कळ ठिकाणी तिच्या खाजणावर भर घालून, उभे राहिले. ज्या मुंबई बंदरातून दोंदे निघाले, तेथवर हेच पाणी पोहोचते. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण आमच्या मुलांना ती दिसते वाशीच्या पुलावरून, धावत्या लोकलमधून, दोन-चार मिनिटे. उधाण आणि भांग यांतील फरक, खाजण, तिवर हे शब्द त्यांना परके झाले आहेत, ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या त्या कोळी-आगरी घरांतील काही मुले सोडली तर. ज्याला नाव उरले नाही, ते बुजवले गेले तरी हळहळणार कोण?

दोंदे यांनी आपल्या प्रदक्षिणेची हकीकत ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकात लिहिली, ती इंग्रजीत. मराठी साहित्याच्या वर्गात समुद्राची कविता शिकवताना असा एखादा अनुभव शेजारी ठेवून वाचावा आणि मग विद्यार्थ्यांना खाडीच्या काठी न्यावे, भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळीही, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. विंचुर्णीच्या माळावरून एक माणूस इतरांना समुद्रावर पाठवू शकला. आम्ही तर पाण्याच्या काठावरच राहतो.